तुमचा बर्फ, आमची लाल माती

इंदूताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हांला ठाऊक आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीपर्यंतची शाळा, त्यातलंही अर्धं वर्ष धाकट्या भावाला सांभाळण्यात गेलं. लिटिल इंडियात सामान आणायला निघालो की माझी यादी तुम्ही बसमध्ये मोठ्याने वाचायचात. "सुमन, ही कोथिंबीर आहे की कुणाचं नाव?" मी लाजून खिडकीबाहेर बघायची. आजही हसलात तरी चालेल. हे कुणाला दाखवायचं नाही. मुलगा-सून कामावर गेलीत, घरात मी एकटी आहे आणि तुमच्याशी बोलायची सवय सुटत नाही.

तुम्हांला जाऊन एकोणीस दिवस झाले. आज सोमवार. दहा वाजले तशी मी चपला घातल्या, लिफ्टमध्ये शिरले आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. दार उघडलं, मी तिथेच उभी राहिले, दार पुन्हा मिटलं. मग नवव्या मजल्यावर परत आले आणि ही वही घेतली.

तीन वर्षं आपले सोमवार असे गेले. तुमच्या त्या इंग्लंडच्या गावातला सामना रविवारी दुपारी व्हायचा, तेव्हा इथे सिंगापूरला, आपल्या बिशानमध्ये रात्र झालेली असायची. तुम्ही तो मुद्दाम बघायचा नाहीत, सकाळी माझ्याबरोबर बघायला ठेवायचात. मीराला रात्रीच निकाल कळलेला असायचा, म्हणून तुम्ही आपल्या पोटच्या लेकीला सोमवारी सकाळी तोंड दाखवायची बंदी केली होती. एवढी युनिव्हर्सिटीत शिकवणारी बाई, पण बिचारी चेहऱ्यासमोर बॅग धरून घराबाहेर पडायची. "आई, मी हसत नाहीये आणि रडतही नाहीये, ओके?" असं म्हणत लिफ्टपर्यंत जायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्ही भजनाची सीडी वगैरे लावाल. पंचाहत्तरीची बाई, कपाळाला एवढं कुंकू. आणि टीव्हीवर बघते तर काय, चिखलाने माखलेले धिप्पाड पुरुष एकमेकांच्या अंगावर धावून जातायत! मला काही कळेना. मी विचारलं, "अहो, पुढं जायचंय तर चेंडू मागं का देतात?"

तुम्ही टाळी वाजवलीत. "अगं रग्बीत तीच तर गंमत आहे. हाताने चेंडू पुढे टाकायचाच नाही. मागच्याच्या हाती द्यायचा आणि तो घेऊन त्याने पुढे धावायचं. सहा वेळा धरून पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा."

"म्हणजे कबड्डीसारखी पकड."

"कबड्डीच म्हण. फक्त दम घ्यायला परवानगी आहे."

त्या दिवशी तुमचा संघ सपाटून हरला. मी तुमच्याकडे बघायला घाबरत होते. पण तुम्ही निकालाकडे बघतच नव्हतात. कॅमेरा मैदानाच्या कडेवरून फिरला की तुम्ही टीव्हीच्या जवळ जायचात, चष्मा वर करायचात आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचात. पुढे माझ्या लक्षात आलं, तुम्ही माणसं मोजत होतात. मोजून झालं की खुर्चीत मागे टेकायचात. कधी म्हणायचात, "आले गं, आले." कधी काहीच म्हणायचा नाहीत. संघ हरला तरी तुम्ही खूश असायचात आणि कधी जिंकूनही तोंड उतरलेलं. मला वाटायचं, म्हातारपणाची लहर.

मला नवल त्या माणसांचं वाटायचं. पाऊस कोसळतोय, अर्ध्या लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही, संघ हरतोय हे उघड दिसतंय, तरी एक माणूस उठत नाही. शेवटी हरलेली पोरं कडेला येतात आणि ती भिजलेली माणसं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. मी देवळात कितीदा गेलेय, ताई. अंगावर असा काटा देवळातही क्वचितच आला.

आणि नदीपलीकडचं ते मोठं शहर, तुमच्या गावाचं जन्माचं वैरी. त्यांचं मैदान किती देखणं! छप्पर, दिवे, लाल-निळ्या खुर्च्या. संघही तगडा. पण तिथे सामना असला की ओळीच्या ओळी रिकाम्या. "हे असं का?" हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, मीराला विचारलात, खाली व्हॉइड डेकवर, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर बसणाऱ्या चिनी आजोबांनाही हातवारे करून विचारलात. ते बिचारे तुम्हांला लिफ्टचा रस्ता दाखवत बसले.

मीराचं उत्तर मला अजून आठवतं. तुमच्याकडे जेवायला होते मी. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी ती नुसतीच खात होती.

"आई, सिंपल आहे. शहरात फुटबॉल आहे, कॉन्सर्ट आहेत, लोकांना चॉइस आहे. तुमच्या गावात रविवारी दुसरं काय होतं? पाऊस."

"पाऊस शहरातही पडतो."

"त्यांचं स्टेडियम मोठं आहे. तेवढीच माणसं तिथे कमी दिसतात. तुमचं ग्राउंड वाटीएवढं. वाटी लगेच भरते."

"मग भरलीय म्हण की. वाटी का म्हणतेस?"

"आणि हरले तरी जाता. ते प्रेम नाही आई, सवय आहे."

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "सवय. बरं. तुला बारा वर्षं डबा दिला, तीही सवयच होती."

तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "सुमन, तू सांग." मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं," आणि ताटं उचलून आत गेले. खरं तर मला थोडंसं कळत होतं. पण एवढी शिकलेली लेक, एवढी जग पाहिलेली आई, त्यांच्यामध्ये मी काय बोलणार? आणि ते भांडण मैदानाचं नव्हतं, एवढं मला चमच्याच्या आवाजावरून समजलं होतं.

जे कळत होतं ते मी तुम्हांला पुलाउ उबीन बेटावर जाताना सांगितलं. तुम्हांला तिथली जुनी लाकडी घरं बघायची होती. धक्क्यावर गेलो तर बोट सुटेना. बारा माणसं जमल्याशिवाय तो नावाडी निघणार नव्हता आणि आपण सात. तुम्ही पर्स उघडून निघालात, पाच रिकाम्या जागांचे पैसे द्यायला. तो म्हणाला, "आंटी, वेट लाह. पीपल विल कम." तुम्ही पटकन बसलात. "बघ, ह्यालासुद्धा भरवसा आहे."

बाकावर बसल्या-बसल्या मी बोलले. माझं माहेर लहान, सासर तालुक्याचं गाव. दोन्हीकडे कबड्डी. माहेरी सामन्याच्या आठवडाभर आधी मैदान करायचं, तेव्हा प्रत्येक घरातून एक पाटी लाल माती यायची. मोठं घर असो नाहीतर झोपडी, पाटी एकच. आम्ही पोरी डोक्यावरून नेऊन ओतायचो, मग बाया पाणी मारायच्या, पुरुष चोपायचे. सामन्याच्या दिवशी अख्खं गाव हजर. म्हाताऱ्यांना खाटेसकट आणायचे. आमचा संघ काही मोठा नव्हता. सासरी मात्र कमिटी होती. कमिटीने ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की दोन खेपांत माती येऊन पडायची. संघ जिल्ह्यात नावाजलेला. बघायला कोण, तर पोरांचे बाप आणि पानवाला.

"आपली पाटी जिथं पडली तिथं काय चाललंय, हे बघायला माणूस येतंच की," मी म्हटलं.

मग तुम्ही मला तुमच्या बर्फाची गोष्ट सांगितलीत.

नवीन लग्न होऊन तुम्ही त्या गिरणीच्या गावात गेलात. थंडीने बोटं वाकत नव्हती, भाषा कळत नव्हती, शेजारीण बोलत नव्हती. एका रविवारी सकाळी सगळी गल्ली फावडी घेऊन निघाली. तुमचे यजमान भास्करराव म्हणाले, मैदानावर गुडघाभर बर्फ आहे, तो काढला नाही तर सामना होणार नाही. तुम्ही कोळशाचं फावडं उचललंत. नऊवारी नाही पण पाचवारी साडी, वर नवऱ्याचा कोट, पायात दोन-दोन मोजे. शेकडो माणसं ओळीने बर्फ उपसतायत आणि खालून हिरवं गवत वर येतंय! कुणी तुमचं नाव विचारलं नाही. शेजारणीने नुसता चहाचा कप हातात दिला. "त्या दिवशी मी त्या गावची झाले," तुम्ही म्हणालात. "नागरिकत्वाचा कागद नंतर आला."

"आणि शहराचं मैदान?" मी विचारलं.

तुम्ही कपाळावर हात मारलात. "अगं बाई! त्यांच्या मैदानाखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत. बर्फ पडतो आणि आपोआप वितळतो. कुणाला हाक मारायची वेळच येत नाही."

आपण दोघी इतक्या हसलो की नावाडी बघायला लागला. मग तुम्ही मला धारेवर धरलंत. सासरी असताना माहेरचा संघ खेळायला आला तेव्हा मी कुणासाठी ओरडले? मी खरं सांगितलं, कुणासाठीच नाही. बाजूला सासू, पुढे दीर. तोंडात पदर कोंबून बसले होते.

"आणि तुझे हरले?"

"एका गुणाने."

"मग तूच हरवलंस त्यांना! एक आरोळी कमी पडली."

तुम्ही थट्टाच केलीत, पण ती मला लागली. चाळीस वर्षं तो एक गुण माझ्या गळ्यात अडकलेला आहे, हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग तुम्ही तोंड फिरवलंत. समुद्राकडे बघत म्हणालात, "पण सुमन, तुझं गणित चुकतंय. मीराने पण बर्फ उपसला होता. आठ वर्षांची होती, लाल हातमोजे, फावडं तिच्यापेक्षा उंच. मग ती का नाही येत?"

त्याचं उत्तर तुमच्याकडेच होतं. गिरण्या बंद पडल्या, मैदान विकून तिथे गोदाम बांधायचं ठरलं, तेव्हा ते वाचवायला गावाने संघाच्या क्लबला पैसे उसने दिले. ज्याला जेवढे जमतील तेवढे. भास्कररावांना गिरणीने निरोप देताना जे मिळाले होते ते मीराच्या कॉलेजसाठी ठेवले होते. ते तुम्ही दोघांनी एका संध्याकाळी सगळे देऊन टाकलेत. तिला न विचारता. मीरा दोन वर्षं मासे तळायच्या दुकानात उभी राहून शिकली. केसांना तेलाचा वास यायचा, तुम्ही म्हणालात, आणि ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त मैदानावर यायची बंद झाली.

मैदान वाचलं. माणसं आली त्या वर्षी क्लब थोडे पैसे फेडायचा, नाही आली त्या वर्षी नाही. तेव्हा कुठे मला कळलं, सोमवारी तुम्ही काय मोजत होतात.

कितीतरी जणांनी आपले पैसे क्लबला सोडून दिले होते. क्लबने तुम्हांलाही विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. "दान दिलं की देणाराही विसरतो आणि घेणाराही. उसने दिले की दोघांना एकमेकांची आठवण ठेवावी लागते." आणि आलेला प्रत्येक हप्ता तुम्ही तिथल्या बँकेत मीराच्या नावावर टाकत गेलात, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. हप्त्यांचा कागद कपाटात तुमच्या लोकरी टोपीत ठेवलेला, आणि शेवटचा थोडा भाग यायचा राहिला होता.

"आत्ताच सांगा की तिला," मी म्हटलं.

"पूर्ण होऊ दे. अर्धे पैसे हातावर ठेवून माफी मागू?"

"लेक आहे. अर्धे चालतात लेकीला. माफी मात्र पुरी लागते."

"तुला नाही कळायचं."

तेवढ्यात मागून सायकलवाली पाच पोरं आली आणि नावाडी ओरडला, "ट्वेल्व्ह!" बोट सुटली, आपलं बोलणं धक्क्यावर राहिलं. नंतर मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "ह्या मोसमात होईल." मी फारशी शाळा शिकलेली नसेन, पण ह्या एका बाबतीत माझं बरोबर होतं आणि तुमचं चूक. हे मला तुमच्या तोंडावर जोरात म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याचा राग येतो, माझाही आणि तुमचाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मीरा स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी होती. कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "मावशी, आईचं त्या क्लबवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम होतं. It's okay. मला सवय आहे." आणि मी काय केलं असेल? पदर तोंडाशी धरला आणि गप्प बसले. पुन्हा तेच.

बाराव्या दिवशी सोमवार होता. सकाळी तिचा फोन आला. "मावशी, दहा वाजता येता का? मी रजा टाकलीय. कालचा सामना त्या शहराबरोबर होता. निकाल मी बघितला नाही. एकटीने बघवणार नाही."

मी गेले. तुमची खुर्ची आम्ही दोघींनी रिकामी ठेवली. टीव्ही लागला आणि ताई, काय सांगू! भिंतीवर माणसं, पायऱ्यांवर माणसं, पलीकडच्या घरांच्या खिडक्यांत माणसं. वाटी नव्हती ती, ओसंडून वाहत होतं. एका बाजूला शहराचीही चिकार माणसं, एकमेकांना डिवचत होती, गाणी म्हणत होती. मग खेळाडू मध्यभागी गोल करून उभे राहिले. माईकवर कुणीतरी बोललं. मला त्यातलं एकच कळलं, तुमचं नाव. वेडंवाकडं उच्चारलेलं, "इंडू". पडद्यावर तुमचा फोटो आला, लोकरी टोपी आणि खाली कुंकू.

आणि ते सगळं मैदान गप्प झालं.

मी अशी शांतता कधी ऐकलेली नाही. हजारो माणसं आणि श्वासाचा आवाज नाही. शहरवाल्यांनीही टोप्या काढल्या. एक लहान मूल कुठेतरी खोकलं, ते ऐकू आलं. मी माझ्या गावात, माझ्या माणसांत कधी कुणाकडून नाव घेऊन हाक ऐकली नाही. आणि सातासमुद्रापलीकडे, न बघितलेल्या त्या गोऱ्या माणसांनी आमच्या इंदूताईंसाठी तोंडातला शब्द थांबवला. कोळशाच्या एका फावड्याचं एवढं मोल असतं का हो?

शिट्टी झाली, आरडाओरडा पुन्हा सुरू झाला. मीरा डोळे पुसत म्हणाली, "मी काल त्यांच्या खजिनदारबाईंना मेल लिहिलाय. आईचे काही पैसे अजून द्यायचेत त्यांना. म्हटलं, राहू दे. डोनेशन समजा. संपवून टाकू एकदा ते."

"नको!"

मी ओरडले, ताई. उभी राहून ओरडले. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मीरा घाबरून बघत राहिली, कारण तीन वर्षांत तिने माझा आवाज नीट ऐकलाच नव्हता.

"सोडू नकोस ते पैसे. क्लबचे नाहीत ते आणि आईचे पण नाहीत. तुझे आहेत." मग थांबलेच नाही. मासे तळायचं दुकान, केसांचा वास, लाल हातमोजे, बँक, एकेक हप्ता, सगळं सांगून टाकलं. "पूर्ण झाल्याशिवाय माफी मागायची नव्हती तिला. मी म्हणत होते, अर्धे झाले तरी सांगा. ऐकलं नाही. कपाटात लोकरी टोपीत कागद आहे बघ."

मीरा उठली. तुमच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. मी टीव्हीसमोर एकटी बसून त्या पोरांना मागे-मागे चेंडू देत पुढे जाताना बघत होते. ती आली तेव्हा टोपी तिच्या डोक्यावर होती. ह्या सिंगापूरच्या उकाड्यात. माझ्याशेजारी बसली, तुमच्या खुर्चीत नाही. सामना संपायला थोडा वेळ होता आणि तुमचा संघ मागे होता. मीरा हळूच काहीतरी म्हणाली. मग जरा मोठ्याने. मग आम्ही दोघी ओरडायला लागलो. ती इंग्रजीत, मी माझ्या माहेरच्या भाषेत.

हरले. तेही थोडक्यात. मीरा हसत-रडत म्हणाली, "Typical!"

तिने त्याच दिवशी दुसरा मेल लिहिला, पैसे सोडत नाही म्हणून. त्या खजिनदारबाईंचं उत्तर तिने मला मराठीत करून सांगितलं. त्यांनी लिहिलं होतं, "तुझा पहिला मेल आम्ही मनावर घेतलाच नव्हता. मुलगी सोडून द्या म्हणेल, तिचं ऐकायचं नाही, असं तुझी आई आम्हांला केव्हाच बजावून गेलीय."

तुम्ही! तिथपर्यंत विचार केलात, आणि ह्या चौथ्या मजल्यावर, समोर बसलेल्या लेकीशी तेवढं बोलायचं राहिलं. मला तुमचा अचंबा वाटतो, ताई. रागही येतो. बारा माणसं जमायची वाट बघत बसलात तुम्ही. तिला तुम्ही एकट्याच पुरल्या असतात.

इथवर लिहिलं आणि दारावरची बेल वाजली, म्हणून वही मिटली होती. आता पुन्हा उघडलीय. मीरा होती. कामावरून तशीच आलेली, दारातच उभी, हातात फोन.

"आले, मावशी."

"किती?"

"राहिले होते तेवढे. शहराच्या मॅचच्या तिकिटांच्या पैशांतून." तिने फोन माझ्यासमोर धरला, जसं काही मला ते इंग्रजी वाचता येणार होतं. मला आकडे तेवढे येतात. तिने तुमच्या त्या कागदावरचे हप्ते एकाखाली एक लिहून आणले होते. आम्ही दोघींनी बोट ठेवून बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली.

बरोबर आली, इंदूताई. क्लबने तुमचे फेडले आणि तुम्ही मीराचे. आता कुणाचंच काही राहिलेलं नाही.